वीण दिसेल इतकी पातळ

सालेम, उत्तर कॅरोलायना
रविवार, ता. ८ नोव्हेंबर १९३१

प्रिय ज्युलियसदादास,
सलोमीचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं धरणाच्या चित्राचं कार्ड मिळालं. आईला दाखवलं. ती म्हणाली की एवढी मोठी भिंत बांधायला निघालाय आणि स्वतःचे पायमोजे रफू करता येत नाहीत पोराला. म्हणजे तिला आवडलं. कार्ड उशाशी ठेवलंय.

आता खरं लिहिते. आईचं पोट दुखतं असं मागे लिहिलं होतं, पण ते नुसतं दुखणं नाहीये. डॉक्टर येऊन गेले. मला स्वयंपाकघरात पिटाळलं, पण आपलं मधलं दार नीट लागत नाही हे तुला माहीत आहे. गाठ आहे पोटात. कापून उपयोग नाही म्हणाले. आईने विचारलं की ईस्टरपर्यंत तरी? तर ते बॅग आवरायला लागले. मग तिने विचारलं की बरं, ख्रिसमसपर्यंत? तर म्हणाले, बघू या लव्हिनियाबाई. ते गेल्यावर आई मला म्हणाली की दाराला कान लावलास ना, मग आता मला परत सांगायला लावू नकोस. आणि लिंबं किसायला घे म्हणाली.

मी शाळा सोडली ती याच्यासाठीच. उन्हाळ्यापासून तिला कणकेचा गोळाही नीट उचलता येत नव्हता, ती ते लपवत होती आणि मी बघत होते. तसंही शाळेत मी कुणाशी बोलत नव्हते आणि कुणी माझ्याशी बोलत नव्हतं, त्यामुळे तिथे माझी जागा कुणाला रिकामी वाटली नसेल.

ख्रिसमसची बिस्किटं आता मीच करते. कणीक आईची असते, बसल्या बसल्या मळून देते. लाटायचं माझ्याकडे. आणि दादा, मला जमत नाही. कणीक चिकटू नये म्हणून मोजा चढवलेलं तेच लाटणं, तेच कापड, सगळं तेच. आईची पोळी लाटून झाली की खालच्या कापडाची वीण दिसायची, आठवतं? बाबा म्हणायचे की लव्हिनियाचं बिस्किट जिभेवर ठेवलं की आधी लिंबाचा वास येतो, आणि बिस्किट शोधावं तर ते गेलेलं असतं. माझ्यात वीण दिसत नाही. काहीच दिसत नाही. आणि जरा पातळ झालं की भट्टीत पाठ फिरवली रे फिरवली की करपतं. गिऱ्हाईक मागच्या दाराशी येतं, मी अर्धं दार उघडून डबा पुढे करते आणि लपते. क्राउसबाई काल दारातच डबा उघडून म्हणाली की यंदा लव्हिनियाने लाटणं बदललं वाटतं. आईने आतून ऐकलं. ती म्हणाली की देवा, माझ्यानंतर लगेच ह्या क्राउसबाईला नेऊ नकोस, देवाच्या शेतात ज्या क्रमाने मरतील त्याच क्रमाने पुरतात, माझ्या शेजारी हिलाच निजवतील. मग हसली, आणि हसताना पोट धरून बसली.

डोरामावशीला काही कळवायचं नाही असं वचन घेतलंय माझ्याकडून. मी शाळा सोडली म्हणून मावशी तिच्यावर भयंकर चिडली आहे, पोरीची मोलकरीण केलीस म्हणून लिहिलं होतं तिने. आई म्हणते की डोरीला कळलं तर ती कीव करायला येईल, आणि मला तिची कीव नको. यायचं तर भांडायला ये म्हणावं. पण झोपेत ती डोरी, डोरी करत असते. मी दोनदा ऐकलं. सकाळी विचारलं तर म्हणाली की मला तिचं नावसुद्धा आठवत नाही.

दादा, मावशी यायला हवी. आई आहे तोवर यायला हवी. मी काय करू ते लवकर लिही. तू मोठा आहेस.

तुझी आठवण रोज निघते, तुलाही आमची येऊ दे.
सलोमी

—

सालेम
ता. १५ नोव्हेंबर १९३१

ती. डोरामावशीस,
सा. सलाम, वि. वि.

इकडे सगळं बरं आहे. तिकडे पेन्सिल्व्हेनियात, बेथलेहेमला थंडी सुरू झाली का? तुझ्या शाळेतल्या मुली बऱ्या आहेत ना?

आईही बरी आहे. बिस्किटांच्या गडबडीत आहे म्हणून पत्र मला लिहायला सांगितलं. सोबत नेहमीचा डबा पाठवते. मक्याच्या लाह्यांत बसवलाय, तरी पोस्टातली माणसं कशी आदळतात तुला माहीत आहे. काही फुटली असतील तर राग मानू नकोस.

शाळेबद्दल तू विचारलंस. मी आपणहून सोडली, आईने सोडवली नाही. तिच्यावर रागावू नकोस. मला घरात बरं वाटतं.

ख्रिसमसला तू येशील का? म्हणजे तुला जमत असेल तर. ख्रिसमसचा तारा टांगायला उंच माणूस लागतं, ज्युलियसदादा तर नेवाडात आहे. माझा हात आढ्याला पोचत नाही.

आणखी काय लिहू सुचत नाही. तुझी माया आहे ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी भाची,
सलोमी

—

नेवाडा, धरणावरची छावणी
ता. १७ नोव्हेंबर १९३१

चि. सलोमी ऊर्फ उंदीर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मुकादमासमोरच वाचलं. त्याने विचारलं की काय झालं, तर डोळ्यांत धूळ गेली म्हणालो. इथे धूळ एवढी आहे की कुणालाही खरं वाटतं.

मी रजा मागितली. मुकादम म्हणाला की जायचं तर जा, पण दाराबाहेर तुझ्या जागेसाठी माणसांची रांग उभी आहे, ती बघून जा. मी बघितली. तो खोटं बोलत नव्हता. नवीन वर्षापर्यंत हे काम धरून ठेवलं तर आपण तिघं, म्हणजे जे कुणी असू ते, थंडी काढू शकू.

उंदरा, मावशीला सांगून टाक. वचनबिचन मी बघून घेतो. मी इथून लिहिलं असतं, पण आईला कळलं की मी तिच्या पाठीमागे लिहिलं, तर ती मेल्यावरसुद्धा माझ्याशी बोलणार नाही, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. तू घरात आहेस, तुला वेळ साधता येईल. एक शब्द लिही, ये. मावशी शहाणी आहे, तेवढ्यावर समजेल. तू लहानपणी चर्चमध्ये मेणबत्ती मागायलासुद्धा माझी बाही ओढायचीस. या वेळी माझी बाही तुझ्यापासून लांब आहे गं. तूच माग.

आईला सांग की पायमोजे रफू केले. (नाही केले.)

तुझ्यावर जीव असलेला,
ज्युलियस

—

बेथलेहेम, पेन्सिल्व्हेनिया
ता. २४ नोव्हेंबर १९३१

चि. सलोमी हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

डबा पोचला. एकही बिस्किट फुटलं नाही, आणि फुटणार कसं? ताईला माझा निरोप सांग की मी राहते त्या भगिनीगृहाचं छप्पर गळतंय, अशी कौलं अजून डबाभर पाठव, आम्ही ती दुरुस्तीला वापरू. चहात बुडवून ठेवलं, प्रार्थना म्हणून झाली, तरी ते तसंच ताठ! आमच्या आईने हे बघितलं असतं तर लाटण्याने कुणाचा हात आधी फोडला असता ते मी सांगायला नको.

चेष्टा सोड. एक घास घेतला आणि बिस्किट खाली ठेवलं. चव ताईचीच आहे, पण हात ताईचा नाही. पंचवीस वर्षं मी तिचं बिस्किट खातेय, डोळे मिटून ओळखते. ती बरी नाही का? सलोमी, खरं असेल ते सांग. बरी नसेल तर मी शाळेचं शाळेवर सोडून दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसेन, भांडण मग करू. आणि बरी असेल, नुसती तुला कामाला जुंपून स्वतः खुर्चीत बसली असेल, तर तिला सांग की आळशी झाली आहेस, आणि पोरीची शाळा मोडून तू कौलं भाजायला शिकवतेस याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं. गाळू नकोस, तू गाळतेस हे मला माहीत आहे.

ताऱ्याचं म्हणशील तर शेजारच्या कुणालाही हाक मार. लाजतेस काय सारखी?

उत्तराची वाट बघते. तुझ्यावरची माया डब्यासारखी नाही, ती जाड असली तरी चालते.
तुझी,
डोरामावशी

—

सालेम
सोमवार, ता. ३० नोव्हेंबर १९३१

प्रिय ज्युलियसदादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठरवलंच होतं की मावशीला सांगायचं. मग मावशीचंच पत्र आलं. त्यात तिने सरळ विचारलंय की ताई बरी नाही का. मला इतकं हायसं वाटलं. वाटलं की आता मला मागावं लागणारच नाही, तिने विचारलंच आहे, आईनेच फक्त हो म्हणायचं.

म्हणून काल वाचून दाखवलं. कौलांचं आलं तिथे मी गाळायला गेले, पण आईला माझ्या श्वासावरून कळतं. म्हणाली की काहीतरी गिळलंस, परत वाच. वाचलं. आई हसली. खूप दिवसांनी तशी हसली, माझ्या डोरीची जीभ अजून तशीच आहे म्हणाली. मग मी पुढचं वाचलं, बरी नाही का, खरं सांग, ते. मी मनात म्हणत होते, हो म्हण, हो म्हण.

ती म्हणाली की मोजा चढव लाटण्यावर.

मी म्हटलं की आई, नको. ती म्हणाली की डोरीने आळशी म्हटलंय मला, ऐकलंस ना? तळघरातून कणीक आण.

दादा, ती उठली. टेबलापर्यंत आली कशी ते मला माहीत नाही. मी मागून तिच्या कमरेला धरून उभी राहिले. हातात काही लागतच नव्हतं रे, झगा आणि हाडं. कापडावर पीठ भुरभुरलं आणि लाटायला लागली. मधून बाहेर, उचलायचं, परत मधून बाहेर. मला म्हणाली की तू दाबतेस. घाबरून दाबतेस. लाटणं दाबायचं नसतं, त्याला नुसतं जाऊ द्यायचं. आणि खरंच, तिच्यात दाबायला जोर उरलाच नव्हता आणि पोळी पसरत चालली होती. वीण दिसायला लागली. बाबांच्या चिरुटाने कापडाला भोक पडलं होतं आणि तिने ते रफू केलं होतं, त्या रफूचा धागासुद्धा दिसला.

बदकाचा साचा क्राउसबाईने नेला तो कधी परत दिलाच नाही, म्हणून सगळी बदामाच्या आकारात कापली. भट्टीपाशी मला उभं केलं आणि खुर्चीवरून सांगत होती, आता काढ. नुसत्या वासावरून. एकही करपलं नाही. तिने स्वतः खाल्लं नाही. हल्ली ती काहीच खात नाही.

मग म्हणाली की हे डोरीला पाठव. पत्रात काही लिहू नकोस. तिने विचारलं ना बरी आहे का, हे तिचं उत्तर. मी रडायला लागले तर म्हणाली की खोटं थोडंच आहे, माझाच हात आहे तो.

ती झोपली ती आज उठली नाही. हाक मारली की डोळे उघडते. काल ॲडव्हेंटचा पहिला रविवार, तारा टांगायचा दिवस, आणि मी तो टांगलाच नाही.

आता मी काय करायचं होतं, दादा? तिच्यासमोर डबा बांधला, तिच्यासमोर पत्ता घातला. एक ओळ घालणार आहे तिच्या नकळत.

आमच्यावर लोभ आहे ना, मग प्रार्थनेत आमचं नाव आधी घे.
सलोमी

—

सालेम
ता. १ डिसेंबर १९३१

ती. डोरामावशीस,
सा. सलाम.

हा डबा आईने दिला आहे. तिने स्वतः लाटलीत. काही लिहू नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही.

सलोमी

ता. क. तारा अजून टांगलेला नाही. तू आलीस तर बरं होईल, मावशी.

—

बेथलेहेम
ता. ७ डिसेंबर १९३१

चि. सलोमी हिस,
अनेक आशीर्वाद.

याला म्हणतात उत्तर! डबा उघडला आणि मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले, शेजारच्या खोलीतली सिस्टर अगाथा धावत आली, तिला वाटलं आग लागली. एक बदाम खिडकीशी धरून पाहिला, त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. असं लाटणारी बाई आजारी असूच शकत नाही. ताईला सांग की मार बरोबर लागला म्हणायचा! तिला डिवचल्याशिवाय ती हलत नाही, लहानपणापासून अशीच आहे. माझी झोप उडाली होती गेले काही दिवस, ती परत आली.

मी खरं म्हणजे गाडीचं विचारून ठेवलं होतं. आता ती गरज नाही. ज्या मुलींना ख्रिसमसला घरी जाता येत नाही त्यांच्याबरोबर राहायला कुणीतरी हवं होतं, मी माझं नाव दिलं. ईस्टरला नक्की येते. शनिवारी आपण तिघी मिळून देवाच्या शेतात कबरीचे दगड घासू, मी ताईशी मनसोक्त भांडेन आणि तुझ्या शाळेचा निकाल तिथेच लावेन.

बिस्किटं मी अजून चाखली नाहीत. मोठ्या ताटात मांडून ठेवलीत, येईल त्याला एक एक देते आणि सांगते, हा माझ्या बहिणीचा हात. इथल्या पेन्सिल्व्हेनियाच्या बायकांची तोंडं बघण्यासारखी होतात.

तारा टांग गं. शेजाऱ्यांना हाक मारलीस तर कुणी खात नाही तुला.

दोघींवर माझा जीव आहे, तो तसाच राहील.
डोरामावशी

—

सालेम
शुक्रवार, ता. ११ डिसेंबर १९३१

मावशी,

ये.

आई मरते आहे. पोटात गाठ आहे, आम्हाला नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून माहीत आहे. मी वचन दिलं होतं म्हणून बोलले नाही. ती बिस्किटं तिनेच लाटली, पण मी तिला मागून धरलं होतं. त्यानंतर ती उठलेली नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं, तिने ऐकलं की नाही कळलं नाही. ईस्टरला येते हे वाचलं तेव्हा तिने माझा हात धरला होता.

पहिल्या गाडीने ये.

सलोमी

—

सालेम
ता. १६ डिसेंबर १९३१

प्रिय दादास,
सलाम.

पास्टरसाहेबांची तार तुला मिळाली असेल. आई शनिवारी सकाळी गेली. मी पाणी गरम करत होते. परत आले तर ती नव्हती.

मग मनोऱ्यातून मृत्यूची वर्दी वाजवायला सांगायला मला बँडमास्तरांकडे जायचं होतं. घरात दुसरं कोण होतं पाठवायला? रस्त्याने जाताना मी घोकत गेले, आई गेली, आई गेली. त्यांनी दार उघडलं, हातात दाढीचा ब्रश होता, आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. तुला माहीत आहे ना माझं. त्यांनी विचारलं की काय पोरी, डबा आणलास का? मला मान हलवतासुद्धा येईना. मग मी दुसरी चाल गुणगुणले. विधवा भगिनींची चाल, मनोऱ्यातून पहिली वाजली की कुणाच्यातलं माणूस गेलं ते कळायला सगळं गाव हातातलं काम टाकून ज्या दुसऱ्या चालीसाठी थांबतं, ती. शेवटपर्यंत गुणगुणले. त्यांनी फेस तसाच तोंडावर ठेवून हात जोडले आणि ऐकलं. मग म्हणाले की लव्हिनिया? मी मान हलवली.

थोड्या वेळाने मनोऱ्यातून वाजलं. मी परसात उभी होते. तीच चाल, पण पितळेची.

सोमवारी पुरलं. लग्न झालेल्या आणि विधवा भगिनींच्या चौकात, ओळीत तिचा नंबर आला तिथे. बाबा वाटेच्या पलीकडे भावांच्या चौकात. मला उगीच वाटत होतं की मध्ये वाट नसती तर बरं झालं असतं. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे, पुढे जी कुणी जाईल तिची.

मावशी आली नाही. तारही आली नाही. मी तिला शुक्रवारी लिहिलं होतं. दादा, तू बाही लांब आहे म्हणालास, मावशीचीही लांबच पडली.

पास्टरसाहेबांची बायको रोज जेवण आणते. मी दार अर्धं उघडते.

तू ये आता, काम राहिलं तर राहू दे.
सलोमी

—

बेथलेहेम
ता. २१ डिसेंबर १९३१

चि. सलोमीस,
आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे.

तुझं पत्र गेल्या सोमवारी आलं. मी तासाभरात स्टेशनवर होते, तिकीट काढलं, बाकावर बसले. तिथे शाळेतली मुलगी पास्टरांची, रविवारमुळे अडकून पडलेली तार घेऊन धावत आली. तार वाचली आणि मी तिथेच बसून राहिले. गाडी आली आणि माझ्यासमोरून गेली. माझ्या मनात एवढंच आलं की जिच्याशी भांडायला जायचं ती बाई तिथे नाही, मग मी कुणाकडे जातेय? तू माझ्या मनात आलीच नाहीस, सलोमी. घरी परत आल्यावर आलीस. तोवर मला तुला तोंड दाखवायचं धाडस उरलं नव्हतं.

तू दोनदा ये म्हणून लिहिलंस. मी ताऱ्याचं समजले. मी मुलींना वाचायला शिकवते.

आणि तिला कौलं म्हटलं मी. ते ऐकून ती उठली.

बिस्किटं संपली. मी सगळी वाटून टाकली, मिरवत. एक तरी ठेवलंय का म्हणून सबंध भगिनीगृहात विचारत फिरले. नाही. माझ्या जिभेला त्यातलं एकही लागलं नाही.

मला अजून मावशी म्हणणार असलीस तर तेवढं कळव.
डोरा

—

सालेम
रविवार, ता. १३ मार्च १९३२

ती. डोरामावशीस,
सा. सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मला काय लिहावं ते कळत नव्हतं, आणि सुचलं की लाज वाटायची. दादा जानेवारीत आला. तो दिवसभर काम शोधतो आणि संध्याकाळी तारा अजून उतरवला नाही म्हणून माझी चेष्टा करतो. त्यानेच आल्यावर टांगला, ख्रिसमस उलटून गेल्यावर. लोक रस्त्यावरून बघत जातात. असू दे.

क्राउसबाई फेब्रुवारीत गेली. न्यूमोनिया झाला. मी परसात होते, पहिली चाल वाजली, मग दुसरी, आईचीच, आणि सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं की आता आईच्या शेजारची जागा भरली. आईने देवाला एवढं विनवलं होतं, ही शेजारी नको म्हणून. आता दोघी निजल्यात शेजारी शेजारी. दादा म्हणाला की तिकडे रात्रभर साच्यावरून भांडण चालू असेल. मग आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी तिची सून बदकाचा साचा घेऊन आली. सासूच्या कपाटात होता म्हणाली. मी पूर्ण दार उघडलं आणि तिला आत बसवलं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दगड घासायला आम्ही जाणार आहोत. आईचा दगड अजून बसवला नाही, तिथे नुसती माती आहे. क्राउसबाईच्याही. त्यामुळे बाबांचा घासू आणि आजीचा. तू येशील की नाही ते तू ठरव. मी आता परत ये म्हणणार नाही, कारण मला वाटतं तुला वाचता आलं आहे. पलंग घालून ठेवला आहे.

सोबत डबा आहे. कणीक माझी, लाटणंही माझं. या वेळी मी दाबलं नाही, नुसतं जाऊ दिलं, आई म्हणाली तसं. कडेकडेने वीण दिसली. मधे नाही दिसली. त्या रफूपाशी मी पोचलेच नाही, तिथे लाटणं नेलं की माझा हात थांबतो. बदकं केलीत. वाटून टाकू नकोस, आधी तू खा.

आणि मावशी, जाड वाटली तर जाड म्हण. कौलं म्हण, काय म्हणायचं ते म्हण, संकोच करू नकोस. ते ऐकून अंथरुणातून उठणारं आता घरात कुणी नाही.

तुझी माया राहू दे. माझी आहे.
सलोमी